चादरींच्या खोलीतले दोन सूर

४ फेब्रुवारी

बेबी,

आधी 'प्रिय' लिहिलं, मग खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं, आणि शेवटी कागदच बदलला. खाडाखोड झालेला कागद दुसऱ्याला पाठवायचा नाही, हे शाळेनं अंगात इतकं भिनवलंय की रागातही मोडत नाही.

आधी फोन केला होता. तुझ्या सेक्रेटरीनं विचारलं, "आपण कोण?" म्हटलं, "ताई." तर म्हणते, "कुठल्या ताई?" वर, "मॅडम गायला बसल्यात, निरोप ठेवता का?" असंही म्हणाली. बिचारीचा आवाज गोड होता. मी म्हटलं, नको, सवडीनं बोलेन. तुला सवड कधी होणार ते मात्र विचारायचं राहिलं.

त्या मुलाखतीवरून मी अजून रागावलेली आहे असं तुझ्या मनात असेल, तर तसं काही नाही. मी ती एकदाच वाचली. 'ताई माझ्यापेक्षा छान गायची, पण तिनं गाणं सोडलं. हल्ली ती एका रुग्णालयात पेशंटांचं मन रमवते.' एकदाच वाचली आणि अंक रद्दीत दिला.

बेबी, मी मन रमवत नाही. हे मला रोज कुणाला तरी सांगावं लागतं, म्हणून तुलाही सांगून टाकते. पक्षाघातानंतर एक पाय ओढत चालणाऱ्या माणसाला मी ठोक्यावर चालवते. ठोका त्याच्या पावलाच्या किंचित पुढे ठेवायचा, म्हणजे पाऊल त्याला गाठायला धावतं. दर मंगळवारी वस्तीतल्या आरोग्य केंद्रात जाते. तिथे दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं असतात, त्यांच्या आयांना मी बाळाच्या श्वासाच्या लयीत गुणगुणायला शिकवते. कुणाच्याही नजरेला नजर न देणारा एक मुलगा आहे. त्यानं ढोलावर थाप मारली की मीही मारते, तो थांबला की मीही थांबते. आम्ही दोघं असे तासभर गप्पा मारतो. यासाठी मी शिकलेय, परीक्षा दिल्यात आणि रोज नोंदी ठेवते. तरी रुग्णालयाच्या तळमजल्यावर कुठला विभाग कुठे हे सांगणारी जी मोठी पाटी आहे, तिच्यावर मी 'इतर सोयी' या सदरात आहे, वाचनालय आणि कॅरम यांच्या मध्ये. आमच्या फिजिओबाई तर मला हाकच मारतात, "काय हो इतर सोयी, चहा घेणार का?"

आता मुद्द्यावर येते. गेल्या आठवड्यात अधीक्षकांनी बोलावलं आणि मी बसायच्या आधीच चहा मागवला. त्यांनी चहा मागवला म्हणजे काहीतरी नको ते ऐकावं लागणार हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी दानशूर गृहस्थ सगळ्या इमारतीत छताला स्पीकर बसवून देणार आहेत. जिन्यात, वॉर्डात, रक्त घेतात तिथेसुद्धा दिवसभर संगीत वाजणार. "रुग्णालय कसं सुरेल होईल!" म्हणाले. स्पीकरच्या यंत्रांना जागा हवी, आणि ती माझ्या खोलीत आहे. मी म्हटलं, साहेब, अख्ख्या मजल्यावर दार नीट लागणारी ती एकच खोली आहे, तिथे माझे पेशंट बोलायला शिकतात. तर म्हणाले, "हो, हो. पण तुमच्या भगिनी उद्घाटनाला आल्या, तर विभागाला वजन येईल. मग तुमच्या खोलीचंही बघू."

'बघू' या शब्दाची मला चीड आहे. तरीही लिहितेय. बेबी, येशील का? एकच दिवस.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

बेबी,

उत्तर मिळालं, पण ते तुझ्या सेक्रेटरीचं. 'मॅडम या सामाजिक उपक्रमात सहभागी होण्यास उत्सुक आहेत.' शाळेत जायच्या आधी तुझ्या वेण्या मी घालायची, तू पाय आपटत रडायचीस आणि मी तुझ्या तोंडात बिस्किट कोंबायची. आता तुझ्यासाठी मी सामाजिक उपक्रम झाले!

असो. येतेस हे महत्त्वाचं. तुझा मायक्रोफोन, कोमट पाणी आणि पंख्याखाली नसलेली खुर्ची हे सगळं अधीक्षकांनी स्वतःच्या देखरेखीखाली घेतलंय. मला अजून साधा टेबल बदलून मिळालेला नाही, पण तुझ्या खुर्चीला नवं कव्हर शिवायला टाकलंय.

माझी मात्र एक अट आहे, आणि ती का ते नीट समजून घे, म्हणजे तुला राग येणार नाही.

माझ्याकडे एक गृहस्थ येतात. फुलबाजारात लिलाव पुकारायचे, म्हणून सगळे त्यांना लिलाववाले म्हणतात. शरीरानं आडदांड आणि आवाज असा, की बाजाराच्या एका टोकाला बोली पुकारली की दुसऱ्या टोकाचा माणूस दचकून हात वर करायचा. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवा हात गेला आणि शब्द गेले. समजतं सगळं. तोंडातून काय निघतं म्हणशील, तर 'एक वार, दोन वार, तीन वार' घडाघडा आणि शिव्या अगदी स्पष्ट. या सवयीच्या गोष्टी शाबूत राहतात. पण तहान लागली तर पाणी मागता येत नाही. तोंड उघडतात, मान ताणतात, आणि शेवटी एक शिवी येते. मग स्वतःच ओशाळतात.

आता गंमत बघ. बोलण्याचा रस्ता खचला तरी सुरांचा रस्ता पलीकडच्या बाजूनं बराचसा उघडा असतो. म्हणून रोजच्या गरजेचं एखादं वाक्य घ्यायचं, त्याला दोन सुरांची साधी चाल द्यायची, एक वरचा आणि एक खालचा. पेशंटचा डावा हात हातात घेऊन दर अक्षराला टेबलावर ठोका द्यायचा. आधी मी म्हणते. मग आम्ही दोघं म्हणतो. आणि मग मी मधेच थांबते.

सगळं काम त्या थांबण्यात आहे. कारण मी गात राहिले तर ते माझ्यावर रेलून छान म्हणतात, पण ते म्हणणं माझंच असतं. मी थांबले की तेही थांबतात, आणि जिन्यात कुणी दिवा घालवावा तसे माझ्याकडे बघतात. अजून एकदाही ते एकट्यानं शेवटपर्यंत गेलेले नाहीत. झटक्यानंतरचे हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. ते हातचे निघून गेले की नंतर दुप्पट कष्ट आणि निम्मं फळ. ही खोली आत्ता गेली तर माझं जाईल ते जाईल, पण त्यांचं बोलणं जाईल.

वाक्य कुठलं घ्यायचं ते पेशंटनं ठरवायचं असतं. मी त्यांच्यापुढे चित्रं मांडली, पाण्याचा ग्लास, खाट, खिडकी, घर. त्यांनी सगळी बाजूला सारली आणि वाटीचं चित्र उचलून माझ्या अंगावर ढकललं. मला वाटलं, भूक. तर चिडून शिवी. दोन दिवस मी बुचकळ्यात होते. मग दुपारी सहज वॉर्डात गेले, तर त्यांची बायको त्यांना सूप भरवत होती. "आणखी एक चमचा. माझ्यासाठी. हा शेवटचा. आता हा बाळासाठी." त्यांचे गाल फुगलेले, मान इकडून तिकडे चाललेली, आणि चमचा त्यांच्या मागे मागे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना म्हणायचं होतं, 'पुरे झालं'.

तेच वाक्य घेतलं. 'पुरे' वरच्या सुरावर, 'झालं' खालच्या. पण त्यांची बायको, म्हणजे काकू, समोर बसतात आणि मी थांबले रे थांबले की पुढचं 'झालं' त्याच म्हणून टाकतात.

"काकू, त्यांना म्हणू दे."

"अहो, कपाळावर शिरा आल्यात त्यांच्या! त्रास होतोय दिसत नाही?"

"होऊ दे थोडा."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला? नवरा माझा आहे."

त्या त्यांच्या वाक्यात उडी मारतात ती मायेनंच. पण माया अशी मधे आली की माझा एकेक आठवडा वाया जातो.

म्हणून माझी अट एवढीच. सभागृहात हवं तेवढं गा. वॉर्डात कुणाच्या शेजारी बसून, कुणाच्या सुरात सूर मिसळून गाऊ नकोस. तुझा सूर लागला की समोरचा गप्प होतो, हा तुझा गुण आहे. पण माझ्याकडे गप्प झालेलेच लोक येतात.

तुझी,
ताई


११ मार्च

बेबी,

स्पीकर लागले. चाचणी म्हणून तीन दिवस सकाळपासून वाजताहेत. पहिल्या दिवशी लोक खूश होते. दुसऱ्या दिवशी मधुमेहाच्या वॉर्डातल्या एक आजी ओरडल्या, "अरे, कुणीतरी त्या बाईला पाणी द्या, सकाळपासून गातेय!" आज फिजिओबाई तणतणत आल्या. "मी पेशंटला कसंबसं उभं करते, चार पावलं टाकवते, आणि तुमचं ते छतावरचं गाणं संथ झालं की सगळे जिथल्या तिथे उभे! मघाशी तिघं दारातच अडकले."

"ते माझं गाणं नाही हो."

"संगीत म्हटलं की तुमचंच. पाटीवर नाव कुणाचं आहे?"

"कॅरमच्या शेजारी आहे. कॅरमचा पण आवाज होतो, त्यालाही विचारा."

हसलो दोघी, पण मी आतून नुसती धुमसत होते. लिलाववाल्यांच्या कानात आमचे दोन सूर जेमतेम रुजत होते, त्यांवर आता वरून वेगळीच चाल ओतली जातेय. आज वरचा सूर सापडेना. चाचपडले, चिडले, टेबलावर मूठ आपटली. मी तशीच अधीक्षकांकडे गेले आणि म्हटलं, निदान माझ्या खोलीतला स्पीकर बंद ठेवा. ते डोळे मोठे करून म्हणाले, "अहो, तुम्हीच संगीतवाल्या आणि तुम्हीच संगीत बंद करा म्हणता?"

औषधांच्या दुकानातल्या सगळ्या बाटल्या पाण्याच्या टाकीत ओतल्या, तर लोक बरे होतील का हो? हे उत्तर मला जिना उतरून खाली आल्यावर सुचलं. मला सगळी चांगली उत्तरं जिना उतरल्यावर सुचतात. तुझं तसं नव्हतं. तू वर्गात उभी राहून फाडकन बोलायचीस आणि शिक्षा मला, कारण मी मोठी.

हल्ली आपल्या शाळेतल्या पियानोवाल्या सिस्टर फार आठवतात. तुला आठवतात का? तो थंड, लांबलचक हॉल, मेण लावलेली फरशी, सरकून पडू नये म्हणून बुटांच्या तळव्यांना आपण खडू घासायचो. प्रार्थना ऐन रंगात आली की त्या पट्ट्यांवरून हात उचलायच्या, न सांगता. आणि बघायच्या, पुढे कोण गातं. तू गायचीस. खिडक्यांतून चिमण्या उडायच्या, असा तुझा तो बारीक धारदार आवाज एकटाच छतापर्यंत जायचा. आणि मी दर वेळी थबकायची. "यू स्टॉप्ड, चाइल्ड," एवढंच म्हणायच्या त्या, रागावायच्या नाहीत. पण वार्षिक समारंभात पुढच्या रांगेत तू उभी राहिलीस आणि मी मागे.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. तू येणार म्हणून आठवलं. तुझ्यासाठी पाहुण्यांच्या खोलीत उशी बदलून ठेवलीय. उंच उशी तुला अजून चालत नाही ना?

तुझी ताई

ता. क. अधीक्षकांनी फलक रंगवून घेतलाय, 'सुरांनी बरे व्हा'.


१९ मार्च

बेबी,

तू न जेवता गेलीस. निरोपही न घेता. गाडी गेटबाहेर पडताना मी वरच्या खिडकीत होते, तू वर पाहिलं नाहीस.

तुझ्या दृष्टीनं काल काय झालं ते मला कळतं. पण तू जिन्यात पोहोचलीस आणि इकडे पुढचं घडलं, ते तुला कुणी सांगितलं नसणार. ते सांगायलाच हे पत्र.

आधी हे सांगते, की सभागृहात तू फार सुंदर गायलीस. मी मागे दाराशी उभी होते. कधी कुणापुढे न विरघळणाऱ्या आमच्या हेड नर्स घड्याळ बघायचं विसरल्या. तिथेच सगळं संपलं असतं तर मी तुला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं असतं. पण अधीक्षकांना फोटो हवा होता. "मॅडम, एक गाणं एखाद्या पेशंटच्या शेजारी बसून. वर्तमानपत्रासाठी." तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली, नाही म्हणून. तू ते पाहिलंस, बेबी, हे मला ठाऊक आहे. आणि तरी हसून त्यांच्यामागे गेलीस.

त्यांनी तुला नेमकं लिलाववाल्यांच्या खाटेशी नेलं, कारण ती खिडकीशी आहे आणि उजेड चांगला येतो. आमचा सराव चालू असायची ती वेळ. काकू वाटी घेऊन बसलेल्या. तू लिलाववाल्यांचा डावा हात हातात घेतलास. तोच हात ज्यानं आम्ही ठोका देतो. आणि आई आपल्याला निजवताना म्हणायची ते गाणं धरलंस.

पहिलं कडवं त्यांनी आवडीनं ऐकलं. मी खोटं बोलणार नाही, त्यांचा चेहरा निवला होता. दुसऱ्या कडव्याला त्यांनी हात सोडवायला पाहिला. तुला वाटलं, गहिवरले. तू हात आणखी घट्ट धरलास. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, हात तसाच, तसाच." तिसरं कडवं सुरू झालं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

त्यांना काय हवंय ते मला कळलं. काकूंनाही कळलं, त्यांनी तोंड उघडलं, आणि मी त्यांचा दंड दाबून धरला. माझ्या घशात ते दोन सूर येऊन थांबले होते. गुणगुणले असते तर त्यांनी लगेच उचलले असते. मी ओठ मिटून उभी राहिले. इतका अवघड क्षण मला या कामात कधी आला नव्हता.

त्यांनी झटक्यात हात सोडवला. खाटेच्या कठड्यावर स्वतःच ठोका दिला, एक, मग दुसरा, आणि म्हणाले, पु-रे, झा-लं. वरचा सूर वर, खालचा खाली. कुणाच्याही आधाराशिवाय.

आणि बेबी, तू काय केलंस? तुला वाटलं, ते साथ देताहेत. तू हसलीस आणि त्यांचे ते दोन सूर उचलून आपल्या गाण्यात असे काही गुंफलेस, की सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या! त्या माणसानं आयुष्यभराची ताकद एकवटून थांब म्हटलं, आणि तू त्याची गाण्यातली हरकत केलीस!

मग ते दुसऱ्यांदा म्हणाले. या वेळी सूर नाही, चाल नाही, भर बाजारातल्या आवाजात. "पुरे!" तू गप्प झालीस. आणि पाठोपाठ त्यांनी जो शब्द उच्चारला तो आपल्या शाळेत उच्चारला असता तर नाव कापलं असतं.

आणि मी हसले. मोठ्यानं. हो, हसले. तू अधीक्षकांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि उठलीस.

आता तुला न दिसलेलं. तू गेल्यावर लिलाववाले स्वतःच चकित झाले होते, तो शब्द दुसऱ्याच कुणी म्हटल्यासारखे इकडेतिकडे बघत होते. काकूंना काही सुचेना तेव्हा त्यांचा हात आपोआप वाटीकडे गेला. चमचा भरला. लिलाववाल्यांनी चमच्याकडे बघितलं आणि अगदी हळू, जवळजवळ प्रेमानं म्हणाले, "पुरे."

काकूंनी चमचा ठेवला. वाटीवर झाकण घातलं. खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "बाई, हे मला कधीपासून सांगत होते हो?"

त्यांनीच शोधावं असं ते उत्तर होतं.

मी तुला हसले नाही, बेबी. पण तुला तसं वाटलं असेल, तर थोडं हसलेही असेन.

ताई


६ एप्रिल

प्रिय बेबी,

या वेळी खोडलं नाही.

तुझं कार्ड मिळालं. तुझ्या स्वतःच्या अक्षरातलं, अजून तसंच उजवीकडे पडणारं. 'मला गाताना थांबवणारा तो पहिला माणूस. आणि तू हसलीस.' एवढंच. सही नाही. पण पत्ता तू लिहिलास, तिकीट तू चिकटवलंस. ते तिरकं चिकटवलंय, म्हणजे सेक्रेटरीनं नाही. मी तेवढ्यावरही खूश आहे.

तू इथलं वर्तमान विचारलेलं नाहीस, तरी सांगते.

फोटो छापून आला. तू त्यांचा हात धरलेला, त्यांचं तोंड उघडं. खाली छापलंय, 'सुप्रसिद्ध गायिकेच्या सुरांनी मूक रुग्णाला वाचा फुटली'. अधीक्षकांनी तो मोठा करून चौकटीत बसवून प्रवेशदाराशी लावलाय. महिनोन् महिने त्या माणसाचा हात धरून टेबल बडवला मी, आणि वाचा फुटली ती तुला कंटाळून! फिजिओबाई म्हणाल्या, "चला, तुमच्यापेक्षा तुमची बहीण गुणकारी निघाली." मी त्या दिवशी घरी जाऊन दोन कप फोडले. एक चुकून, एक मुद्दाम.

'मग खोलीचंही बघू' म्हणाले होते, तेही बघून झालं. माझ्या खोलीत यंत्रं आली. दारावर सुरेख पितळी पाटी लागली, 'संगीत विभाग'. आत माणूस नाही, नुसते लाल दिवे लुकलुकतात. खालच्या मोठ्या पाटीवरूनही माझं नाव गेलं, आता वाचनालयाशेजारी थेट कॅरम. मी विचारलं, साहेब, माझं काय? म्हणाले, "तुमचं चालू राहू द्या ना, पुढच्या आदेशापर्यंत. जागा मिळेल तिथे." डॉक्टरांची परिषद आहे, परिचारिकांची आहे, फिजिओंची आहे, उद्या त्यांना कुणी जिन्यात बसा म्हटलं तर भांडायला कुणीतरी आहे. आमच्या कामाची कुठल्याच यादीत नोंद नाही, मग कुठल्या तोंडानं भांडू? हे मी वरिष्ठांना तीनदा लिहून कळवलंय. उत्तर नाही. चौथ्यांदा लिहिणार आहे, त्यांनाही आणि आरोग्य खात्यालाही. कंटाळा माझ्या पाचवीला पुजलेला नाही, हे त्यांना अजून माहीत नाही.

चार दिवस आम्ही जिन्याच्या वळणावर बसून सराव केला. वरून स्पीकर, खालून स्ट्रेचर. लिलाववाले दर माणसाला वाट द्यायला पाय आखडून घ्यायचे आणि वाक्य तुटायचं. शेवटी हेड नर्सबाई आल्या, हातात एक किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "मला काही विचारू नका. संध्याकाळी परत द्या."

ती चादरींच्या खोलीची किल्ली होती. धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, पांढरे डगले, छतापर्यंत रचलेले गठ्ठे. मधे दोन खुर्च्या आणि एक स्टूल मावतं. साबणाचा वास. आणि बेबी, सबंध इमारतीत स्पीकर नसलेली ही एकच खोली. तिथे कोण ऐकणार म्हणून त्यांनी लावला नाही! दार लावलं की कापडं सगळा आवाज पिऊन टाकतात. इतकी शांतता मी आपल्या शाळेच्या प्रार्थनाघरानंतर कुठे ऐकली नव्हती.

आता काकू कोपऱ्यात गठ्ठ्यावर बसतात, पदर तोंडाशी धरून. शब्द निसटू नये म्हणून धरतात, हे त्यांनीच मला सांगितलं. लिलाववाल्यांची चार वाक्यं झाली. चौथं होतं 'घरी कधी'. काल ते घेतलं होतं. मी आधी म्हटलं, मग दोघांनी, मग मी थांबले. निदान मला तरी वाटलं की मी थांबले. त्यांनी ठोका थांबवला. माझ्याकडे बघून नापसंतीनं मान हलवली. मग डावा हात उचलून, एखाद्या पोरीच्या तोंडावर ठेवावा तसा, माझ्या ओठांपाशी आणला. तेव्हा मला कळलं की मी आतल्या आत गुणगुणत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगतेय, मधे येऊ नका म्हणून.

"मी," ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. चादरी, साबणाचा वास, काकूंचा श्वास. आम्ही न शिकवलेला, कुठलीही चाल नसलेला शब्द त्यांनी शोधून आणला. "मी म्हणतो."

आणि म्हटलं. 'घरी कधी'. काकू म्हणाल्या नाहीत, मी म्हटलं नाही.

त्यानंतर मी घरी येऊन तुझं कार्ड पुन्हा वाचलं. मला पियानोवाल्या सिस्टर आठवल्या, वर उचललेले त्यांचे हात, एकटा चाललेला तुझा आवाज आणि मी मागे थबकलेली. तू मुलाखतीत म्हणालीस ताईनं गाणं सोडलं, तेव्हा मला इतकं का लागलं ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मी तिथे हरले. तू पुढे गात गेलीस, ते तुझं काम झालं. मी थबकले, आणि आज त्याच थबकण्यावर माझं सगळं काम चालतं. म्हणजे गाणं मी सोडलं नाही बेबी. जिथे सोडायचं असतं तिथे सोडते.

तर आता ये. उद्घाटनाला नाही, फोटोला नाही, अधीक्षकांना कळवूसुद्धा नकोस. बुधवारी सकाळी मागच्या दारानं, धोब्याची गाडी लागते तिथून. लिलाववाले तुझ्यावर रागावलेले नाहीत. मी विचारलं तर हसले आणि 'एक वार, दोन वार' म्हणाले, त्याचा अर्थ तू काय घ्यायचा तो घे. खुर्ची नाही, गठ्ठ्यावर बसावं लागेल, काकू थोड्या सरकतील. कोमट पाणी मी आणेन.

फक्त गाऊ नकोस. ते मधेच अडतील, त्यांच्या कपाळावर शिरा येतील, तुझ्या घशाशी सूर येईल. तेव्हा माझा हात धर.

तुझी,
ताई